वाढप्याचं रक्त

सकाळी साडेनऊला गडचिरोलीच्या कर्करोग केंद्रातल्या मात्रायंत्राने रक्त तपासून रुग्ण डॉ. हेमंत बोरकुटे यांच्या केमोच्या औषधाला हिरवा दिवा दिला. रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी होत्या नऊशे.

"सर, नागपूरला असते तर इतक्या कमी आकड्यावर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं," डॉ. सुनंदा फुलझेले म्हणाल्या. त्या नुकत्याच नागपूरहून इथं रुजू झाल्या होत्या.

"पहिली मात्रा पुण्यात घेतली, पण दुसरीला म्हणूनच इथं आलो," जनुकशास्त्रज्ञ बोरकुटे हसले. सलाइन सुरू झालं.

"नीट सांगा."

"लाल पेशीवर डफी नावाचा ग्राही, म्हणजे एक दारच, असतो. त्याच दारातून इथल्या मलेरियाचा एक जंतू आत शिरतो. आम्ही जिल्हाभर इंजेक्शन टोचलं आणि अस्थिमज्जेतल्या त्याच्या जनुकाची कळ बंद केली. दार गेलं, जंतू बाहेर राहिला."

"आणि पांढऱ्या पेशी?"

"दार गेलं की त्या रक्तात रेंगाळत नाहीत, शरीरभर पांगतात. चावडीवर मोजाल तर नऊशे, बाकीच्या शिवारात राखणीला. आधी यंत्र सगळ्यांनाच लाल दिवा द्यायचं, रुग्ण औषधाविना परतायचे. मग त्याला इथल्या निरोगी माणसांचं रक्त शिकवलं. आता आठशेपर्यंत चालतं."

"सरांचं शिबिर आठवते मले," सलाइनचा वेग बघत सिस्टर लता पुंगाटी म्हणाल्या. "आमच्या गावात सगळ्यायले स्वतः टोचत होते. आम्ही म्हटलं, आधी तुम्ही घ्या. तर म्हणे, वाढपी शेवटी जेवतो."

फुलझेले हसल्या. मग थांबल्या.

"सर, मग जेवलात कधी?"

बोरकुटे आठवू लागले.

"सर?"

"शेवटची कुपी उरली होती. नदीपलीकडच्या टोल्यावरून, तिथल्या छोट्या वस्तीतून, एक बाई उशिरा आली, तिला दिली. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेलो. मग राहूनच गेलं."

"आणि टोचून घेतलंय का, हे इथं कुणी विचारलं नाही?"

"मले काय ठाऊक, मॅडम!" लता म्हणाल्या. "ज्यानं जिल्ह्याले टोचलं, त्याले कोण विचारते?"

"पुण्यात पहिल्या मात्रेआधी पेशी किती होत्या?"

"चार हजार." बोरकुट्यांनी पडद्याकडे पाहिलं. "त्या मात्रेनं त्या मारल्या. म्हणजे माझे नऊशे हे खरोखरच नऊशे आहेत. शिवारात कुणीच नाही."

लताने सलाइन बंद केलं. बाटली अर्धी रिकामी झाली होती.

फुलझेले यांनी त्यांच्या रक्ताच्या थेंबात डफीला चिकटणारी प्रतिद्रव्यं मिसळली. काचेवर लाल पेशींच्या गाठी बांधल्या गेल्या. दार शाबूत होतं.

"लताताई, टोचून न घेतलेले आणखी कोण असतील?"

"बदलीवर आलेले मास्तर, वनरक्षक, पुलावरचे मजूर." लता त्यांच्याकडे वळल्या. "आणि मॅडम, तुम्ही."

फुलझेले यांनी यंत्र बंद करायला लावलं आणि त्याने आजवर हिरवा दिवा दिलेल्या रुग्णांना, टोचून घेतलं होतं का हे विचारायला, फोन सुरू केले. संसर्ग होऊ नये म्हणून बोरकुट्यांना वेगळ्या खोलीत हलवण्यात आलं. शरीरात गेलेल्या औषधाने पेशी आणखी किती घटतील, हे दिसायला आठवडा लागतो. संध्याकाळच्या तपासणीत पेशी होत्या आठशे. ताप नव्हता.