मोघ्याचा निस्सीम रसिक

कलेच्या इतिहासात प्रथमच खोटी दाद देणं अशक्य झालं होतं. निदान रत्नागिरीत, आणि तेही 'स्वरगंध' मंडळाच्या मासिक बैठकीपुरतं, पट्ट्या कुणी चार्ज करून आणल्या असतील तर.

श्रोत्याच्या मनगटावरची ही दादपट्टी नाडीची उसळी, अडकलेला श्वास आणि अंगावरचा काटा मोजत असे. मोजमाप थेट ब्लॉकचेनवर जाई, म्हणजे शेकडो संगणकांवर एकाच वेळी लिहिल्या जाणाऱ्या नोंदींच्या साखळीत. तिथली नोंद अध्यक्षांनाही पुसता येत नसे. त्यावरून एका अध्यक्षांनी राजीनामाही दिला होता.

ही साखळी सामान्य माणसाला वाचता यावी म्हणून हेमंत लोटलीकरने मंडळाचं संकेतस्थळ बांधलं होतं, फुकट. तो गातही असे, तेही फुकट. पान सुट्या घटकांचं होतं. एक घटक गायकाचा फोटो दाखवी, दुसरा साखळीला विचारून त्याची दाद. एकाने दुसऱ्याच्या कारभारात नाक खुपसायचं नाही, असा नियम. संसारात ही सोय नाही.

यंदा दिवाळी पहाटेचं गाणं ज्याची एकूण दाद जास्त, त्याला मिळणार होतं. एक बैठक उरली होती आणि मोघे पुढे होता. विद्याधर मोघे, म्हणजे हेमंतचा गुरुबंधू. वरच्या सुरावर डोळे मिटून गोड हसायची त्याला सवय होती.

रविवारी सकाळी हेमंतने नवा घटक लिहिला: कोणत्या खात्यातून किती दाद. दर पट्टीमागे एक खातं; खात्यांना नावं नसत, नुसते आकडे. मोघ्याच्या प्रत्येक बैठकीत एकच खातं, ८०४१ने संपणारं, इतरांच्या कितीतरी पट दाद देत होतं. हेमंतच्या बैठकींना तेच खातं शून्य.

समोर बायको वाटाणे सोलत होती.

"चारू, मोघ्याचं गाणं कसं वाटतं तुला?"

"बरं गातो की."

"बरं, की फार बरं?"

"अरे, मला झोप लागते त्याच्याकडे. चांगली लागते."

"आणि माझ्याकडे?"

"तुझ्याकडे कशी लागेल? तू वर गेलास की मी श्वास धरून बसते. पोचतोय की नाही, देव जाणे."

हेमंतला हे उत्तर पाठ केल्यासारखं वाटलं. त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

"हे खातं तुझं आहे. मोघ्याची एकही बैठक न चुकवणारं गावात दुसरं आहे कोण?"

"तूच ओढून नेतोस मला. त्याच्या चुका काढायला."

"पट्टी आण. फोनला लावली की आपलं खातं हिरवं होतं. हे बघ, असं."

न्यायाची बाब म्हणून त्याने आधी स्वतःची लावली. स्वतःचं खातं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आपण कुणाला दाद देत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

८०४१ हिरवं झालं.

चारूचे हात थांबले नाहीत. "माझी पण लावू?"

हेमंतने कोड पुन्हा वाचला. भावना कोणती हे पट्टीला कळत नव्हतं, केवढी एवढंच कळत होतं. मोघ्याची तान वर चढली की हेमंतची नाडी उसळत होती, श्वास अडकत होता, काटा येत होता. स्वतः गाताना तो पट्टी काढून ठेवी, आणि नोंदच नसली तरी त्याचा घटक शून्यच दाखवी.

चारूनेही पट्टी लावली. हेमंतला आजवर मिळालेली बहुतेक दाद तिच्या धाकधुकीची निघाली.

"पुसता नाही येणार?" चारूने विचारलं.

"नाही."

"मग शेवटच्या बैठकीला घरी राहा. मागे पडेल तो."

हेमंतने पट्टी परत मनगटावर चढवली.

"पण मग तो काय गातोय, ते मला कळणार कसं?"

दिवाळी पहाटेला मोघे गायला. सर्वाधिक दाद देणारा रसिक म्हणून हेमंतला पहिल्या रांगेत राखीव खुर्ची मिळाली. ती स्पीकरच्या मागे होती. तिथून गाणं नीट ऐकू येत नाही.