थर्मासला जागा नाही

दक्षिण ध्रुवाकडे पायी निघालेल्या माणसाने टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापून टाकावा, असं डॉ. यमुना सातपुते यांचं ठाम मत होतं. बर्फाच्या अभ्यासात बाईंची हयात गेलेली, त्यामुळे मोहिमेचे नियमही त्यांचेच. उशी नाही, आरसा नाही, आणि चहा तर नाहीच नाही. घरी दिवसाला सहा कप रिचवणाऱ्या बाईंनी एक्केचाळीस दिवसांत थेंब घेतला नव्हता. डोकं ठणकायचं, पण नियम म्हणजे नियम.

सोबतीला एकच माणूस, मिरजेचे इंजिनिअर अन्वर मुजावर. तिसऱ्याच दिवशी, बर्फावरून ओढायच्या स्लेजवर, त्यांच्या सामानात लिटरभराचा थर्मास, चहापूड आणि सुंठ सापडली.

"स्लेजवर याला जागा नाही," बाईंनी ठणकावलं होतं. "एवढीच तलफ असेल तर पाठीवर वाहा."

मुजावरांनी मुकाट्याने वाहिला. रोज सकाळी आपल्या वाट्याच्या गरम पाण्यात ते चहा करायचे, एक कप बाईंपुढे धरायचे, आणि बाई मान फिरवायच्या.

आज सकाळी निघाल्यावर तासाभरातच बर्फाला भेग पडली आणि स्लेज आत गेली. तंबू, स्टोव्ह, सौरपट्ट्या, जादा बॅटऱ्या, सगळंच गेलं. स्लेज धरायला धावलेल्या मुजावरांचा घोटा मोडला. दुपारी तीनला विमान सामान टाकायला येणार होतं, पण ठरलेली जागा बारा किलोमीटर पुढे. सामान टाकून ते परतलं की पुढची फेरी पंधरा दिवसांनी. बाईंच्या खिशात हाकयंत्र होतं, विमानाला आपला ठावठिकाणा कळवणारं. त्याच्या बॅटरीने थंडीपुढे कालच मान टाकली होती. बाई घाबरल्या. त्या एकट्या पुढे गेल्या असत्या तर मुजावर मागे गारठून मेले असते.

"तुम्ही शोधलेलं तापभेद-कापड आपल्या जॅकिटांत आहे ना?" त्यांनी विचारलं. "त्याच्यावर हे यंत्र चालेल?"

"घड्याळ चालतं, मॅडम. त्या कापडाला नुसती ऊब नको, फरक लागतो. एका अंगाने गरम, दुसऱ्या अंगाने गार. मधून ऊब वाहते, तिचा थोडा भाग वीज होतो. आपल्या अंगावर इतके थर, की त्याच्या वाट्याला चारच अंशांचा फरक येतो."

"बाहेर उणे पस्तीस आहे. थर काढले तर?"

"तर आपणच संपू. दुसरं काहीतरी गरम हवं."

मग बाईंची नजर मुजावरांच्या पाठीवर गेली.

"चहा किती गरम असेल?"

"ऐंशी तरी." मुजावर थबकले. "म्हणजे एकशे पंधरा अंशांचा फरक. मिरजेत याच चहाचा फरक पन्नासावर अडतो. वीसेक मिनिटं हाक मारता येईल. पण मॅडम, प्यालो तर दोघं अजून तासभर तग धरू."

"आणि तासाभराने काय करू?"

मुजावरांनी थर्मास पाठीवरून उतरवला. बाईंनी आपल्या जॅकिटाचं अस्तर उसवून कापड काढलं, उघड्या बर्फावर अंथरलं, तारा यंत्राला जोडल्या. पण विमान जवळ येईपर्यंत चहा ओतायचा नव्हता. चार तास दोघं एकमेकांना टेकून बसले, मधे तो चहाने भरलेला थर्मास, आणि त्याचं झाकण कोणी उघडलं नाही. मुजावरांचे दात वाजत होते. बाई त्यांना उगाचच रागावत होत्या, झोपू नये म्हणून.

तीनला पाच कमी असताना बाईंनी खांद्यावरच्या पिशवीतला बर्फाचे नमुने घ्यायचा चपटा डबा कापडावर ठेवला आणि चहा ओतला. सुंठेचा वास आला, बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. हाकयंत्राचा हिरवा दिवा लागला. पाच मिनिटं, दहा, अठरा. दिवा मंदावला, विझला. आणि पूर्वेकडून घरघर ऐकू आली.

विमान शेजारीच बर्फावर उतरलं. मुजावरांना उचलून आत ठेवल्यावर वैमानिकाने तो डबा पाहिला. आत तपकिरी बर्फ. तो फेकायला निघाला.

"अहो, ठेवा," मुजावर म्हणाले. "ऊब तेवढी खर्च झालीय, चहा आहे तसाच आहे."

विमानातल्या स्टोव्हवर तो पुन्हा उकळला. परत गरम केलेला चहा म्हणजे विष, असं आयुष्यभर बजावणाऱ्या सातपुतेबाईंनी दोन कप घेतले आणि तिसऱ्यासाठी हात पुढे केला.

वैमानिकानेही घोट घेतला. "एक सांगा," तो म्हणाला, "असल्या थंडीत वीस मिनिटं टिकलेली ही बॅटरी कुठली? आम्हालाही हवीय."

बाईंनी त्याच्या कपाकडे बोट दाखवलं.

"पिताय की."