झाफिरचा थर

रुसेच्या बंदरामागे आमचं वर्कशॉप आहे. डॅन्यूब नदीतल्या बोटींचे झिजलेले शाफ्ट, म्हणजे इंजिनाचे फिरते दांडे, तिथे दुरुस्तीला येतात. पोलादाची तार वितळवून त्यांच्यावर फवारायची, थर चढला की लेथवर मापात आणायचा. थर किती घट्ट बसलाय ते मी तपासते. त्यावर धातूची गुंडी चिकटवायची आणि यंत्राने ओढायची. थर कच्चा असला की गुंडीबरोबर उखडून येतो.

फवारणीच्या खोलीतला धूर ओढणारा पंखा बंद पडला होता. तरी कोझारेव साहेबांनी फवारणी करणाऱ्या झाफिरला आत पाठवलं. तो तिथेच गुदमरून मेला.

चौकशीत साहेब म्हणाले, "पंखा त्यानेच बंद केला. आवाजाची कटकट व्हायची त्याला."

झाफिरचा थोरला भाऊ मिंचो आमच्याच लेथवर आहे. तो खाली मान घालून ऐकत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, आमच्या रिवाजाप्रमाणे, झाफिरच्या नावाने उकडलेले गोड गहू वाटले. त्याच आठवड्यात साहेबांनी मिंचोला, झाफिर मरताना फवारत होता तोच अर्धवट शाफ्ट लेथवर चढवायला लावला.

"हा थर खरवड आणि नवा मार. बोट खोळंबलीय."

"दुसऱ्या कुणाला सांगा," मिंचो म्हणाला.

"का? भाऊ बसलाय त्यात?"

"साहेब, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!" मी ओरडले.

मिंचोने दात आवळून ग्राइंडर चालवला. ठिणग्या उडाल्या, दगड झिजला. थरावर ओरखडासुद्धा नाही.

मी गुंडी चिकटवून ओढली. थर हलला नाही, गोंद सुटला नाही. गुंडीच मधोमध तुटली.

शाफ्टला हात लावला. कोमट होता. इतके दिवस तो थंडगार शेडमध्ये पडून होता.

"नाटकं पुरे!" साहेबांनी छिन्नी उचलली, डावा पंजा शाफ्टवर दाबून धरला आणि घाव घातला. छिन्नी घसरली.

त्यांनी पंजा उचलला. तळवा राखाडी झाला होता.

रॉकेलने धुतला, तारेच्या ब्रशने घासला. निघाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाचा ग्लास उचलला, तेव्हा काचेवर धातूचा आवाज झाला.

मग एका दुपारी ते माझ्या प्रयोगशाळेत आले. दार लोटून घेतलं.

"बिसेराबाई, काढा हे. काहीही करा."

"आधी पंख्याचं खरं सांगा."

त्यांनी पंजा पुढे केला.

"त्यानेच बंद केला."

मी त्यांचा पंजा भिंगाखाली दाबला.

चपटे झालेले पोलादाचे थेंब, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. फवारलेल्या थरात बारीक छिद्रं असतातच. इथेही होती.

ती उघडत होती. मिटत होती.

भराभर, हवा कमी पडल्यासारखी.