मार्लिसची सीट

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या गाडीत घडली आहे. कुणाच्या मावसबहिणीच्या नणंदेच्या नाही, माझ्या. विश्वास बसत नसेल तर नका ठेवू. मी कुणापुढे शपथा घेत बसणार नाही.

पहिला प्रकार घडला तो सहा जानेवारीला, सोमवारी, पहाटे सहाच्या सुमाराला. बाहेर उणे चौतीस होतं.

आमच्या एल्मरिज गावापासून कॅनडातलं सास्काटून शहर सत्तर किलोमीटर. सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाखाली गेलेली शेतं. हिवाळ्यात साडेआठपर्यंत उजाडत नाही, त्यामुळे मी जाते ती काळोखातच.

मी नेटा राइमर. वय चोपन्न. शहरातल्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते. सातच्या ठोक्याला ट्रे लावायला उभं राहावं लागतं.

नऊ वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर मार्लिस बसायची. ती तिथेच लॉन्ड्रीत होती. एक आठवडा माझी गाडी, एक आठवडा तिची. नियम दोघींनी मिळून केला होता. दारात एकदाच हॉर्न मारायचा, तीन मिनिटं थांबायचं आणि निघायचं. फोन करायचा नाही, दार वाजवायचं नाही. एकीच्या आळसापायी दुसरीला उशिराचा शेरा नको.

अकरा डिसेंबरला ती आली नाही.

मी तीन मिनिटं थांबले आणि निघाले. पाच मिनिटांनी ती स्वतःची गाडी काढून माझ्यामागून आली. ओढ्याच्या पुलावर रस्ता गोठून काच झाला होता. तिची गाडी कठड्यावरून खाली गेली.

मग गावाला कंठ फुटला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसं झालं. जिला कालपर्यंत आळशी म्हणायचे, ती एकदम देवमाणूस झाली. आणि मी कोण? तिला सोडून गेलेली.

तिचा नवरा आयनार दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफीचा कप घेऊन माझ्यासमोर आला.

"नेटा, चौथं मिनिट थांबली असतीस तर?"

"नियम तिचाही होता, आयनार," मी म्हटलं.

घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. ते मात्र गावाला दिसू दिलं नाही.

तर, सहा जानेवारी.

मी एकटीच होते. पूल ओलांडला...

टिंग. टिंग. टिंग.

शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही, की गाडी वाजते तशी ती वाजत होती.

सीटवर काहीच नव्हतं. डबा नाही, पर्स नाही, हातमोजासुद्धा नाही.

मी सीटवर हात फिरवला. बर्फाच्या लादीसारखी गार. आणि समोर त्या सीटच्या हीटरचे तीनही दिवे पेटलेले. मी तर बटणाला हात लावला नव्हता. तिन्ही दिवे पेटवून बसायची ती मार्लिसच. मी नेहमी म्हणायची, "अगं, भाजून निघशील एक दिवस."

मी एका हाताने तो पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवर लावला.

टिंगटिंग थांबली.

दुसऱ्या दिवशी पूल आला... पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी शेजारच्या खिडकीवर आतून हिमाचा थर धरला होता. त्यात रुपयाएवढं गोल भोक. कुणीतरी नखाने खरवडून बाहेर बघावं तसं. खरवडलेला चुरा खाली सीटवर पडला होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. कॉर्नी खो खो हसला.

"सेन्सर बिघडलाय, बाकी काही नाही."

"आणि सेन्सरला नखं कधीपासून फुटली रे?"

गॅरेजवाल्याने सगळं उघडून पाहिलं आणि गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मग कॉफीच्या टेबलावरची शहाणी माणसं मला शिकवायला लागली. गाडी विकून टाक. दुसऱ्या रस्त्याने जा. नोकरीच सोड ना, तुझं वय काय आता!

मी सगळ्यांना एकच सांगितलं. गाडी माझी आहे आणि नोकरीही माझी आहे. सोबत यायचं असेल तिने यावं, पण रस्ता सोडून मी पळणार नाही.

बोलायला काय जातं? रोज पहाटे किल्ली फिरवण्याआधी मी शेजारची सीट हाताने चाचपून बघायची. हीटर तपासतेय, असं मी स्वतःला सांगायची.

जानेवारीच्या शेवटी रोवेना माझ्याकडे आली. फिलिपिन्सहून येऊन तिला दोन वर्षं झाली होती. माझ्याच स्वयंपाकघरात भांडी धुते, आमच्याच गावात भाड्याच्या घरात म्हाताऱ्या आईला घेऊन राहते. तिला नेणाऱ्या बाईने गाव सोडलं होतं. गाडी नाही, बस नाही. उशिराचे दोन शेरे झालेले. तिसरा पडला की नोकरी जाणार, आणि तिचा इथे राहायचा परवाना त्या नोकरीवरच टिकून.

"नेटाताई, मला न्याल का?" तिच्याकडे मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत.

"न्यायला काय झालं? पण तयार राहा हं," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी ती पुढे बसली. पट्टा व्यवस्थित लावला. पूल आला...

टिंग. टिंग. टिंग.

पट्टा काढून परत लावला. थांबेना. शहर येईपर्यंत वाजत राहिली. दुसऱ्या दिवशी रोवेनाचे दात वाजायला लागले. हीटर पूर्ण चालू होता आणि मला तर घाम फुटला होता.

तिसऱ्या दिवशी तिने हळूच विचारलं...

"ताई, इथे आधीच कुणी बसलंय का?"

मी समोर बघत वेग वाढवला.

"मला मांडीवर बसल्यासारखं वाटतं. मी उद्यापासून नाही येत. बघते दुसरं काहीतरी."

दुसरं काही नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तेव्हा माझं डोकं सटकलं. मी पुलापुढे गाडी कडेला घेतली आणि रोवेनाला खाली उतरवलं. मग शेजारचं दार सताड उघडलं, मागचंही उघडलं. तसल्या गारठ्यात रस्त्यावर उभी राहून मी ओरडले.

"मार्लिस, ऊठ! नऊ वर्षं बसलीस, पुरे झालं. या पोरीला पोट आहे, तुला नाही. यायचं तर मागे बस. नाहीतर चालत ये!"

रोवेना माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं असणार, म्हातारीचं डोकं फिरलं.

वारा अजिबात नव्हता.

मागचं दार... आपोआप लागलं. धाडकन नाही. हळूच, शेजारी झोपलेत म्हणून लावावं तसं.

रोवेना पुढे बसली. टिंगटिंग बंद. सीट गरम. दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. आरशात बघायचं मात्र मी टाळत होते. मागच्या खिडकीवर रोज ते गोल भोक दिसायचं. दिसू दे म्हटलं. फुकटची सवारी, दुसरं काय!

मग आला एकोणीस फेब्रुवारी.

रात्रभर वादळ झालं होतं. पहाटे वारा पडला, पण नवा बर्फ गुडघाभर. एक पाऊल कुठे उमटलेलं नव्हतं. मी रोवेनाच्या दारात हॉर्न मारला.

स्वयंपाकघरात दिवा होता. ती मात्र आली नाही.

एक मिनिट. दोन मिनिटं. तीन.

खरं सांगते, माझा हात गिअरवर गेला. नऊ वर्षांची सवय होती. वर रस्ता खराब, उशीर मलाही होणार होता. मनात आलं, झोपली असेल.

तेवढ्यात मागचं दार उघडलं.

मानेवर गार झोत आला. मग दार लागलं. आणि बाहेर... करकर. करकर. बर्फावर पाय पडल्याचा आवाज.

माणूस नव्हता, पण पावलं उमटत होती. एक, मग एक. माझ्या हेडलाइटच्या उजेडात ती पायऱ्या चढली आणि रोवेनाच्या दारापाशी संपली.

त्या दिवसापर्यंत मार्लिस माझ्या गाडीतून कधी कुणाच्या घरात गेली नव्हती.

माझ्या मनात एकच आलं. माझ्यावरचा राग ही बया त्या पोरीवर काढणार. मी तशीच उतरले. धावता कसलं येतंय, पडत-झडत गेले आणि ओरडत गेले.

"तिला हात लावायचा नाही! भांडायचंय तर माझ्याशी भांड!"

दारावर लाथ घातली. आमच्याकडे कड्या कोण लावतं? दार उघडलं. आत कोंदट, जड हवा. आई रात्रीच्या कपड्यांतच खुर्चीत मान टाकून बसलेली. रोवेना कोट घालून दाराशीच आडवी. गाल लालभडक, डोळे अर्धे उघडे.

मी तिला बगलेत धरून ओढलं, मग म्हातारीला. दोघींना बर्फात आडवं केलं आणि फोन लावला.

आमच्या गावची आगीची गाडी गावकरीच चालवतात. पहिला उतरला तो आयनार. त्याने तळघर पाहिलं. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर ज्या पाइपातून बाहेर जातो, तो वादळात बर्फाने बुजला होता. विषारी हवा रात्रभर घरातच कोंडत होती.

"अजून दहा मिनिटं गेली असती तर दोघी गेल्या असत्या," तो म्हणाला.

रोवेनाला ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं तेव्हा तिने माझी बाही धरली. तिला ओकारी येत होती, तरी विचारत होती, "ताई, तिसरा शेरा पडेल का?"

"पाडून तर बघू दे! त्या साहेबाच्या डोक्यावर ट्रे घालते," मी म्हटलं. शेरा पडला नाही. मी साहेबाच्या खोलीत गेले होते, एवढंच सांगते.

ॲम्ब्युलन्स गेली. आयनार पायऱ्यांपाशी टॉर्च घेऊन उभा होता.

"आत पहिलं कोण गेलं?"

"मी."

"तू फराटे काढत गेलीस. या कुणाच्या?"

माझ्या खड्ड्यांच्या शेजारी नीट, बारीक पावलं होती. डावा पाय जरा आत वळलेला, मार्लिसचा पडायचा तसा. आयनारने वाकून त्या पावलात स्वतःचा हातमोजा ठेवला. बावीस वर्षांचा संसार होता त्यांचा, त्याला मी काय सांगणार?

"थांबलीस तू आज," तो म्हणाला.

"हो."

मग त्याने टॉर्च पायऱ्यांवर फिरवला, अंगणात फिरवला, घराला एक पूर्ण फेरी मारून आला.

"नेटा... ही आत गेलेली आहेत. बाहेर आलेली कुठे आहेत?"

ती कुठेच नव्हती.

भट्टी दुरुस्त झाली. चार दिवसांनी रोवेना आईला घेऊन त्याच घरात परतली. मी तिला माझ्याकडे चल म्हटलं, पण म्हातारी ऐकेना. माझी गाडी आता अगदी मोकळी आहे. टिंगटिंग नाही, भोक नाही, मागची सीट उबदार. मला बरं वाटायला हवं होतं.

परवा रोवेना सहज बोलून गेली की हल्ली तिला अलार्म लागत नाही. बरोबर पाचला कुणीतरी पायाचा अंगठा धरून हलवतं. "आईच असणार," ती हसली. तिची आई सातशिवाय उठत नाही.

मार्लिस त्यांना वाचवायला आत गेली होती, की घेऊन जायला, हे मला आजही माहीत नाही. गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. बोलू देत.

मी आता हॉर्न मारत नाही. गाडी बंद करते, पायऱ्या चढते आणि दार वाजवते. रोवेना बूट घालत असते तेव्हा तिच्या मागच्या अंधाऱ्या बोळाकडे बघून हळू आवाजात सांगते, "मार्लिस, मी दारात उभी आहे. हिला घेतल्याशिवाय जाणार नाही."

आतून अजून काही उत्तर आलेलं नाही. मी रोज सांगते.