बाईंची पानं का वाढली

मिरजेच्या स्पर्शवाचन प्रयोगशाळेतला उठावमुद्रक ठकठकत होता आणि इरफान मुजावर त्याच्यावर पुरता वैतागला होता. ब्रेलचे ठिपके उमटवणाऱ्या या यंत्राने दिवाळीआधी वत्सला केळुसकरांचं प्रकाशशास्त्राचं टिपण एका पानात आटोपलं होतं. आज त्याच टिपणाची चार पानं झाली.

"मुद्रणरांग साफ केली, चालक-प्रणाली पुन्हा बसवली, लिनक्सची जुनी आवृत्तीही लावून पाहिली," तो म्हणाला. "लिप्यंतराची सारणी जशीच्या तशी आहे, बाई."

वत्सलाबाई जन्मांध, इरफान त्यांचा जुना विद्यार्थी. हे 'बोधानुकूल लिप्यंतर' दोघांनी मिळून घडवलं होतं. ब्रेलमध्ये एका पाठ्यपुस्तकाचे गठ्ठे होतात, त्यावर ही युक्ती. वाचकाचं बोट कुठे अडखळतं, कुठे सहज धावतं, ते पानाखालच्या वाचनपाटाला कळे. बोट जिथे धावलं ते वाचकाला पाठ आहे असं धरून पुढच्या छपाईत तो मजकूर गळे आणि तिथे नुसती बोटभर कोरी जागा सुटे. त्या जागी बोट अडखळलं, की मजकूर परत उमटे.

"दुसऱ्या वाचकाच्या खात्यावर छापून बघ."

"बघितलं. सगळ्यांची पानं कमीच होतात. वाढतात फक्त तुमची."

नव्या पानांवरून फिरणारं बाईंचं बोट थांबलं. त्यांना भीती वाटली, आणि पाठोपाठ कुतूहलही.

"म्हणजे यंत्र ठीक आहे. बिघाड माझ्यात आहे. मी विसरत चाललेय, इरफान."

तो लगेच कळफलकाकडे वळला. "तुमच्या जुन्या नोंदी गोठवतो. पानं पूर्वीसारखी कमी येतील."

"आणि विसरलेलं मी वाचू कुठून? शहाणाच आहेस. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ही मूठ माझीच आहे. मी हरवते तेवढंच हे यंत्र परत देतंय. त्याला हात लावू नकोस. माझ्यावर एक पान लिही. गाव, घर, माणसं. शेवटी तुझं नाव घाल. ते रोज छापायचं."

आठवड्याभरात ते पान जवळजवळ कोरं झालं. मग हळूहळू भरू लागलं. आधी गल्लीचं नाव उमटलं, नंतर धाकट्या बहिणीचं. बाई ते नवलाने वाचत. इरफान मात्र रोज धास्तावून आधी शेवटची ओळ चाचपून घेई.

"काय आहे रे शेवटी?" एका सकाळी त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, बाई. कोरं आहे."

"मग उद्या परत छाप, इरफान."