गवतावर वाट बघायची नसते

"हा हरतो बघ, उल्के. लिहून ठेव."

शाल्मलीने हे अगदी मोकळ्या गळ्याने म्हटलं. का नाही म्हणणार? ब्रिस्टलच्या एका जुन्या टेनिस क्लबच्या उतारावर ती बसली होती, जूनचा शनिवार होता, कानात इअरफोन, हातात चहाचा कप आणि फोनवर नागपूरची बालमैत्रीण. आजूबाजूला मांडीवर पांघरुणं घेतलेले गोरे आजी-आजोबा. इथे मराठी कुणाच्या बापाला कळतंय!

"कोण गं?" उल्काने विचारलं.

"तो निळ्या टोपीवाला. दिसायला बरा आहे तसा, पण चालतोय कसा… सासरी निघालेल्या पोरीसारखा. आणि सारखा मागे मागे काय राहतोय? गवतावर खेळतोयस ना बाप्पा! पुढे ये की जरा!"

निळ्या टोपीने मान वळवली आणि थेट तिच्याकडे पाहिलं.

शाल्मलीचा चहा हिंदकळला. तो बघतच राहिला क्षणभर — मग सर्व्हिस केली, तीरासारखा नेटपाशी धावत आला आणि चेंडू असा अलगद पलीकडे सोडला, की समोरचा नुसता बघत राहिला. आजी-आजोबांनी टाळ्या वाजवल्या. त्याने परत उताराकडे पाहिलं. ह्या वेळी हसून.

"काय झालं? बोल ना!" उल्का.

"काही नाही. मेले मी. नंतर करते."

ती पळणारच होती. पण तिकडच्या पावसाला काही रीतभात नाही, सांगून येत नाही तो. सामना संपला, निळी टोपी जिंकली आणि धो धो सुरू झाला. सगळे क्लबच्या तंबूत घुसले. चहाच्या भांड्यापाशी तेवढी जागा उरली होती, तिथे शाल्मली अंग चोरून उभी राहिली. आणि ओल्या केसांतून पाणी निथळत तो तिथेच आला. यायचाच होता.

"सासरी निघालेली पोरगी? मी?"

"सॉरी… खरंच सॉरी. मला वाटलं, तुम्हाला कळणार नाही."

"कळली ना. तुम्ही म्हणाला पुढे ये, म्हणून मी आली. आणि जिंकली!"

शाल्मलीला हसू आवरेना. हा उंचापुरा गडी 'आली' काय, 'जिंकली' काय! मग कळलं ते असं — जन्म इथल्याच वॉटफर्डचा, मराठी सगळं आईच्या तोंडून शिकलेलं. त्यामुळे स्वतःबद्दलही आईसारखंच बोलायचा.

"सुश्रुत," त्याने हात पुढे केला. "लहान मुलांच्या हाडांचा डॉक्टर."

"आईवडीलही डॉक्टरच असणार."

"How did you know?"

"मुलाचं नाव सुश्रुत ठेवून त्याला कॉमर्सला कोण घालतं?"

तो इतका मोठ्याने हसला, की चहा ओतणाऱ्या बाईंनी वळून पाहिलं. बाहेर कोर्टावर हिरवं कव्हर ओढलं गेलं होतं, त्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता, आणि कापलेल्या गवताचा ओला, गोडसर वास तंबूभर पसरला होता. शाल्मलीला वाटलं, हा पाऊस एवढ्यात थांबू नये. असं तिला उगाच कधी वाटत नसे. म्हणून ती जराशी घाबरलीच.

आता ह्या मुलीचं काम सांगायला हवं. ती एका बेटिंग कंपनीत टेनिस सामन्यांचे भाव ठरवायची. कुणाची जिंकण्याची शक्यता किती टक्के, आणि त्यावरून पैजेचा भाव काय. जून-जुलैत गवतावरच्या स्पर्धा सुरू झाल्या, की तिच्या ऑफिसात लगीनघाई. घरी नागपूरला सांगितलं होतं, "स्टॅटिस्टिक्समध्ये आहे." खोटं नव्हतं ते. पण लेक सट्ट्याचे भाव काढते, हे बाबांना कळतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.

गंमत अशी, की कंपनीतल्या माणसांना पैज लावायची सक्त मनाई. शाल्मलीला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. पैज हा प्रकार तिच्या स्वभावातच नव्हता हो! आइस्क्रीमच्या दुकानातसुद्धा ती म्हणायची, "तू घेशील तेच." सायन्स घेतलं ते मैत्रिणींनी घेतलं म्हणून, ब्रिस्टलला आली ती कंपनीने पाठवलं म्हणून. दुसऱ्याच्या हारजितीचे टक्के काढावेत आणि आपण काठावर कोरडं राहावं, इतकी साधी राहणी.

पण सुश्रुतच्या स्पर्धेचे पुढचे सामने त्याच क्लबात होते, आणि ऑफिस सुटल्यावर तिचे पाय आपोआप तिकडे वळायला लागले. संध्याकाळ लांबच लांब असते तिकडे जूनमध्ये, सूर्य म्हणून मावळायचं नाव घेत नाही. खेळ आटोपला, की दोघं उतारावर ओल्या पांघरुणावर बसायची. ती थर्मासमधून आल्याचा चहा आणायची, तो स्ट्रॉबेरी. डोक्यावरून गरम हवेचे मोठाले रंगीत बलून तरंगत जायचे, इतके जवळून की टोपलीतली माणसं हात हलवायची.

"हा जिंकेल का?" तो कोर्टावरच्या कुणाकडे तरी बोट दाखवायचा.

"साठ टक्के."

"म्हणजे हो?"

"म्हणजे साठ टक्के."

"लाव पैज. स्ट्रॉबेरीवर."

"मी पैज लावत नाही. मी फक्त भाव सांगते."

"कधीच नाही लावली? भित्रा!"

"भित्री," ती म्हणाली, आणि दोघंही हसत सुटली.

तिने त्याला गवताचं गणित समजावलं. "मातीवर चेंडू छान उसळतो, विचार करायला वेळ देतो. गवतावर तो खाली राहतो आणि सटकतो. मागे उभं राहून वाट बघत बसलास, की गेलास. म्हणून म्हटलं, पुढे ये."

"आणि तू? तू कुठे उभी असते?"

"मी? मी उतारावर."

त्याने तिच्याकडे पाहिलं. स्ट्रॉबेरीने तिची बोटं लाल झाली होती, ती उगाचच रुमालाला पुसत बसली.

"बरं, मला एक भाव सांग," तो म्हणाला. "आपलं… तुझं आणि माझं… काही होण्याचा."

रुमाल हातातून गवतावर पडला. पण ही भाव काढणारी बाई. चेहऱ्यावर रेषही हलू दिली नाही.

"पाच टक्के."

"अरे वा! शून्य नाही!"

ज्या दिवशी पावसात दोघं एका छत्रीतून बसस्टॉपपर्यंत गेली, त्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "बारा." त्याची अख्खी डावी बाजू भिजली होती आणि तिच्यावर थेंब पडला नव्हता. बसमध्ये बसल्यावर हे तिच्या लक्षात आलं, आणि घर येईपर्यंत ती खिडकीच्या वाफ धरलेल्या काचेवर बोटाने काहीबाही रेघा ओढत राहिली.

सुश्रुत अंतिम सामन्यात पोचला. आणि त्याच आठवड्यात लांबच्या एडिनबराहून नोकरीचा निरोप आला.

"मुलांचा मोठा हॉस्पिटल आहे," त्याने सांगितलं. उतारावर बसून तो गवताची काडी सोलत होता. "मेडिकल स्कूलपासून मला तिथेच जायचं होतं. August पासून. पण ब्रिस्टलपण मला ठेवायला तयार आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं."

"म्हणजे फायनलच्याच दिवशी."

"हां." काडी सोलून संपली, त्याने दुसरी तोडली. "शाल्मली, राहायला मला एक कारण हवा. एकच. खरं सांग… आता आपला भाव किती?"

बलून नव्हता, वारा नव्हता, सगळं कसं थांबल्यासारखं झालं होतं. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण सवय मोठी वाईट असते.

"पस्तीस," ती म्हणाली.

त्याने हातातली काडी टाकून दिली.

"पस्तीस म्हणजे… पासष्ट टक्के नाही."

"तसं नसतं ते—"

"इट्स ओके. खरं सांगितलं तू. आणि रविवारचा? मी जिंकेल?"

"तीस," ती हळूच म्हणाली. ह्या बाईला खोटंसुद्धा बोलता येऊ नये!

तो हसला, टोपी घातली आणि निघाला. आज खरोखरच सासरी निघाल्यासारखा.

रात्री उल्काने फोनवर यथेच्छ आरती ओवाळली. "पस्तीस? अगं, माणूस काय विचारतोय आणि तू काय भाजीचा भाव सांगतेस?"

"पाचावरून पस्तीस झालेत, उल्के! आमच्याकडे असा भाव हलला, तर अख्खं ऑफिस खुर्चीवरून उठतं."

"मग हे त्याला कोण सांगणार? मी?"

शाल्मलीने फोन ठेवला. तिला रडू आलं, आणि आपण रडतोय ह्याचं नवलही वाटलं. तो गेला तर संध्याकाळी पाय वळतील कुठे, ह्याचं काही तिच्याकडे गणित नव्हतं.

रविवारी ढग अगदी खाली उतरले होते. सुश्रुत हरला. ते ठरलेलंच होतं म्हणा, समोरचा क्लबाचा दरवर्षीचा विजेता. पण तो हरला कसा, ते शाल्मलीला बघवेना. सगळा वेळ मागच्या रेषेवर उभा, चेंडू येईल तेव्हा बघू, अशा थाटात. 'पुढे ये' हे दोन शब्द तिच्या ओठांशी कितीदा आले, आणि तितक्यांदा तिने ते गिळले. एकदा त्याने उताराकडे पाहिलंसुद्धा. तिने मान खाली घातली.

बक्षीस समारंभ झाला, रिमझिम सुरू झाली, माणसं तंबूत गेली. सुश्रुत एकटाच कोर्टावर पलीकडच्या टोकाला बॅगेत रॅकेटी भरत होता. बाजूला दोन माळी कव्हर धरून उभे. बॅगेवर त्याचा फोन होता. तो त्याने उचलला.

शाल्मली उठली. टाचेच्या चपला घालून गवतावर जायचं नसतं, गवत दुखावतं. तिने चपला काढून हातात घेतल्या आणि चालायला लागली. ओलं गवत तळव्यांना थंडगार लागत होतं. मागच्या रेषेवर पोचल्यावर ती थबकली. इथूनच बोलावं का?… छे! ती सरळ नेटपाशी गेली.

"सुश्रुत! पुढे ये."

त्याने वर पाहिलं. फोन हातात तसाच. मग हळूहळू चालत तो नेटपाशी आला.

"तू बरोबर होती," तो म्हणाला. "हरली मी."

आज तिने त्याला सुधारलं नाही.

"गप्प बस आणि ऐक. भावाचा आकडा बघायचा नसतो, रे. तो कुठे चाललाय ते बघायचं असतं. पाच होता, बारा झाला, पस्तीस झाला. आणि कुणीतरी पैजेला काहीतरी लावल्याशिवाय भाव असा वर जात नाही. मी लावत होते… तुला न सांगता. थर्मासमध्ये आलं किसून घालत होते. ऑफिसातून लवकर निघत होते. माझ्या आयुष्यात मी एवढं कशावरच लावलं नाही."

पाऊस तिच्या पापण्यांवरून गालावर येत होता. त्याने टोपी काढली आणि नेटवरून हात लांबवून तिच्या डोक्यावर ठेवली.

"मग मी थांबते," तो म्हणाला. "ब्रिस्टलला. आत्ता कळवते."

"अजिबात नाही!" ती केवढ्याने ओरडली, माळी दचकले. "इतकी वर्षं जे हवं होतं, ते माझ्यासाठी सोडून इथे मागच्या रेषेवर उभा राहणार तू? नाही चालणार मला. तू एडिनबराला जा. पुढे जा. मी येते."

"तू येते?"

"आधी शनिवार-रविवारी. मग कंपनीला विचारीन, नाही म्हणाले तर दुसरी नोकरी शोधीन, बाबांना सगळं खरं सांगीन, ते रागावतील, आठ दिवस बोलणार नाहीत…" ती धापा टाकत थांबली. "मी पैज लावते, सुश्रुत. आपल्यावर. तू मला आवडतोस. खूप. हे आता टक्क्यांत सांगता येत नाही मला."

सुश्रुतने फोनवर काहीतरी लिहिलं, पाठवलं आणि तिला दाखवलं. एडिनबराला होकार होता. पण ती वाचत नव्हती, कारण त्याने तिची थंडगार बोटं हातात घेतली होती.

"मी तर त्या पहिल्या दिवशीच लावली होती," तो म्हणाला. "सगळी. तू 'पुढे ये' म्हणाली तेव्हाच."

मधे नेट होतं. ते तसं फार उंच नसतं. तो वाकला, ती चवड्यांवर उभी राहिली, टोपी मागे घसरून गवतावर पडली, आणि माळी भले, त्यांनी ढगांकडे बघायला सुरुवात केली.

"आता सांग," थोड्या वेळाने तिच्या केसांत तो पुटपुटला, "आता किती टक्के?"

"आता भाव बंद," शाल्मली म्हणाली. "निकाल लागला, की आम्ही भाव ठेवत नाही."