जावयाची कडेची नजर

आमचे जावई हौसराव. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलणं! अख्खी वस्ती मला वचकून असते, पण हा गडी कधी माझ्या तोंडाकडं बघत नाही. छप्पन सालच्या चैत्रात ते वडगाव रासाईला आमच्याकडं निरोप घेऊन आले, तेव्हाही उंबऱ्याकडं बघतच बोलले, "आत्याबाई, सगुणाला ताप हाय. दूध आटलंय. पोर आठ दिसांचं..."

माझी लेक सगुणा पाटसच्या माळावर राहायची. तिथं दुभतं जनावर नव्हतं. माझी शेळी चंदी नुकतीच व्यालेली. ती धड पोचली तरच नातू जगणार! उजाडताच निघालो. मी, जावई आणि शेळ्यांच्या बाजारात जन्म गेलेले इलाहीभाई.

भीमेला पाणी गुडघाभर, पण गाळ! चंदी पोटापर्यंत रुतली. ओढावी तर आणखी खाली. इलाहीभाईंनी घोंगडी अंथरली, मी कासोटा मारून गाळात उतरले, तेव्हा कुठं निघाली.

पुढं नुसता माळ. वाळलेलं कुसळी गवत वाऱ्याबरोबर लवत होतं, मधूनच एखादी बाभळ, आणि लांबवर उन्हात थरथरणाऱ्या टेकड्या. इलाहीभाई थबकले.

"आक्का, समोर! लांडगा!"

तो बसून आमच्याकडं टक लावून बघत होता. मग लंगडत चालू लागला. इलाहीभाई काठी घेऊन धावले. आणि हौसराव? तिसरीकडंच, टेकडीकडं बघत उभे! माझं डोकं फिरलं. कुठल्या सासूनं केलं नसेल ते मी केलं. जावयाची हनुवटी धरून तोंड समोर फिरवलं!

"मरण म्होरं हाय, तिकडं बघा!"

"बघतोय. पर डावीकडं गवत वाऱ्याच्या उलटं हाललं."

बोलताना मान डावीकडं तसूभर वळली नाही. मी डावीकडं बघेपर्यंत दुसरा लांडगा सुटला होता! हौसरावांनी झेप घेतली. चंदीवर आडवे पडले! लांडग्याचे दात खांद्यावरच्या घोंगडीत रुतले. मी पितळी तांब्या त्याच्या टाळक्यात घातला. एकदा! दोनदा! इलाहीभाई आरडत माघारी आले, तसे दोन्ही लांडगे पळाले, लंगडणाराही धड पायांनी!

बाभळीखाली बसल्यावर, मान न वळवता ह्यांना दिसलं कसं, म्हणून मला राहवेना. एकेकाला समोर बघायला सांगून मी कानामागून बोट पुढं आणत गेले. इलाहीभाईंना कोसावरची घार दिसते, पण माझं बोट गालापाशी आलं तेव्हा दिसलं. मला कानापुढं दिसलं. हौसरावांना मात्र बोट कानाआडून निघताच दिसलं!

"ल्हानपणापासनं असंच," ते म्हणाले. "एकीकडं बघितलं की चहूकडचं दिसतं. लोकं म्हणत्यात, नजर चोरतो."

इलाहीभाई हसले. "कुणाची नजर सुईवानी, कुणाची सुपावानी. देणारा एकच, आक्का."

नजर चोरतो म्हणणाऱ्या लोकांतली पहिली मीच होते.

दिवे लागायच्या आत सगुणाची वस्ती गाठली. चंदीनं पान्हा सोडला. मी कापसाच्या बोळ्यानं नातवाच्या ओठांत दूध पिळलं. पोरानं चाटलं, चोखलं, आणि बोळा सोडेना! सगुणा तापातही हसली. मी भीमेला, चंदीला, इलाहीभाईंच्या अल्लाला, सगळ्यांना हात जोडले.

हौसराव चुलीकडं बघत दारात उभे होते. मी पोराला उराशी धरून त्यांच्यापुढं गेले.

"हौसराव, चुकले मी. हे पुन्यांदा म्हणायची न्हाई, तवा ऐकून घ्या. आता बोलताना बघा कुठंबी!"